बंद न होणारा संगणक : कारणे व उपाय

जालना शहरातील मस्तगड ही गढी इ. स. १७२५ मध्ये असफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधली. पुढील काळात नगरपालिकेची कचेरी तेथे भरत असे. त्यामुळे जिल्ह्यातील पुष्कळ शिक्षकांस ही वास्तू परिचयाची आहे. कोणत्याही गढीचा दरवाजा सायंकाळी लावावयाचा म्हणजे दोन फळ्या ओढून अडसर घालावयाचा, एवढेच काम नसते. रानात गेलेली माणसे व जनावरे परत आली किंवा कसे, उंबरठ्यात एखादी बैलगाडी अडकून राहिली आहे काय, हे पाहिल्यावाचून अडसर पडू शकत नाही. दरवाजा लागत नाही म्हणून कोणी फळ्यांवर घाव घालू लागला तर त्यास शहाणा म्हणता येणार नाही. संगणक बंद होत नाही असे दिसताच भिंतीवरील बटण दाबून विजेचा प्रवाह तोडणे हा प्रकार याच जातीचा आहे. दुर्दैवाने अनेक शाळांत तोच नित्याचा परिपाठ होऊन बसला आहे.

दिनांक २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत जिल्हा परिषदेच्या कित्येक प्राथमिक शाळांत लोकवर्गणीतून संगणक व प्रोजेक्टर आले. असे यंत्र गावाने पोटास चिमटा घेऊन दिलेले असते. दोनशिक्षकी शाळेत बहुधा ते एकच असते, आणि वर्गाचे धडे, विद्यार्थ्यांच्या नोंदी, निकालपत्रके, पोषण आहाराचा हिशेब, हे सर्व त्याच एका यंत्रात साठविलेले असते. एके दिवशी सायंकाळी पडद्यावरील चक्र फिरतच राहते, घरी जाणारी बस गाठावयाची असते, आणि शिक्षक बटण दाबून मोकळा होतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होते. म्हणून या कृतीत काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. परंतु एखाद्या दिवशी ते सुरू होत नाही, किंवा सुरू होते पण निकालाचा तक्ता उघडत नाही. तो दिवस बहुधा एप्रिल महिन्यातलाच असावयाचा!

बंद होणे म्हणजे काय

संगणकाजवळ दोन प्रकारची स्मरणसाधने असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एक पाटीसारखे व दुसरे हजेरीपुस्तकासारखे. चालू काम पाटीवर होते; हिला रॅम म्हणतात. हिच्यावर फार जलद लिहिता येते, परंतु वीज गेली की तत्क्षणी पाटी कोरी होते. कायमची नोंद हार्ड डिस्कवर होते. ती विजेवाचूनही टिकते, परंतु तिच्यावर लिहिण्यास तुलनेने अधिक वेळ लागतो. हा वेळ वाचावा म्हणून संगणक पुष्कळशा नोंदी काही काळ पाटीवरच राहू देतो व सवडीने त्या पुस्तकात उतरवितो. म्हणून ‘सेव्ह’ म्हणताच मजकूर डिस्कवर पूर्णपणे उतरला, असे त्याच क्षणी गृहीत धरता येत नाही.

‘शट डाऊन’ ही आज्ञा मिळाली म्हणजे संगणक प्रथम उघड्या असलेल्या प्रत्येक कार्यक्रमास, म्हणजे वर्ड, एक्सेल, ब्राउझर इत्यादिकांस, आवरते घेण्यास सांगतो. ज्याचे काम जतन झालेले नसेल तो कार्यक्रम तेथेच अडून शिक्षकास प्रश्न विचारतो. त्यानंतर पडद्याआड चालणाऱ्या सेवा थांबविल्या जातात. या सेवांत विषाणुप्रतिबंधक कार्यक्रम, छपाईची व्यवस्था व जाळ्याची जोडणी ही मुख्य होत. मग पाटीवरील उरलेसुरले सर्व डिस्कवर उतरते, डिस्क व्यवस्थित मिटली अशी खूण तिच्यावर केली जाते, आणि अगदी शेवटी संगणकच आपल्या वीजपुरवठा पेटीस प्रवाह थांबविण्याचा संकेत देतो. या साखळीतील कोणतीही कडी अडली तर पुढची हालत नाही. बंद न होणारा संगणक बहुतांशी बिघडलेला नसतो. तो कशाची तरी वाट पाहत असतो. कशाची, एवढेच शोधावयाचे.

जुन्या शिक्षकांस आठवत असेल की विंडोज ९५ या प्रणालीत आता संगणक बंद करण्यास हरकत नाही, अशा अर्थाची नारिंगी अक्षरे काळ्या पडद्यावर उमटत आणि त्यानंतर बटण हाताने दाबावे लागे. पुढे १९९५ मध्ये एटीएक्स नावाची नवी रचना व १९९६ मध्ये वीजनियंत्रणाची एसीपीआय ही प्रमाण पद्धती आली, आणि बटण दाबण्याचे ते शेवटचे काम संगणकाने स्वतःकडे घेतले. सोय झाली खरी. पण ‘आता हरकत नाही’ असे सांगणारे कोणी उरले नाही. त्यामुळे यंत्र खरोखर केव्हा बंद झाले याविषयी गोंधळ होऊ लागला. कोणी पडद्याचेच बटण दाबतो आणि संगणक बंद झाला असे समजतो. पेटी मात्र रात्रभर चालू असते. उलट, संगणक बंद झाल्यावरही माऊसखालचा लाल दिवा जळत राहिल्याचे पाहून कोणी घाबरतो. एटीएक्स रचनेत मुख्य प्रवाह थांबला तरी पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह जागता ठेवलेला असतो, त्यावर तो दिवा जळतो. तो दोष नव्हे. पंखा थांबला व पेटीवरील दिवा विझला म्हणजे यंत्र बंद झाले असे समजावे आणि मगच भिंतीवरील बटण बंद करावे.

कोठे अडले ते पाहणे

संगणक कोणत्या टप्प्यावर थांबला, यावरून कारणाचा पुष्कळसा उलगडा होतो. यासाठी पडद्यावरील शब्द वाचावे लागतात. ते इंग्रजीत असले तरी वहीत जसेच्या तसे उतरवून घेणे कोणासही अवघड नाही.

अमुक कार्यक्रम बंद होण्यास अडथळा करीत आहे, अशा अर्थाची सूचना दिसली तर सर्वांत सोपे प्रकरण समजावे. तिच्याखाली ‘शट डाऊन एनीवे’ व ‘कॅन्सल’ असे दोन पर्याय असतात. घाईत पहिलाच दाबला जातो, आणि न जतन केलेला तक्ता जातो. ‘कॅन्सल’ करून मागे जावे, ज्याचे नाव पडद्यावर दिसले तो कार्यक्रम शोधावा, काम जतन करून तो बंद करावा आणि मग पुन्हा आज्ञा द्यावी. कधी कधी कार्यक्रम बंद करू गेले असता तो नुसताच ठप्प उभा राहतो व प्रश्न विचारणारी चौकट कोठेच दिसत नाही. ती दुसऱ्या एखाद्या चौकटीमागे लपलेली असते, किंवा प्रोजेक्टरची तार जोडलेली राहिल्यामुळे त्याच्या पडद्यावर उमटलेली असते. प्रोजेक्टर तर केव्हाच बंद केलेला! अशा वेळी तार काढावी. चौकट बहुधा मुख्य पडद्यावर परत येते. धडा संपला की प्रोजेक्टरची तार प्रथम काढण्याची सवय लावलेली बरी.

चक्र फिरत राहून ‘अपडेट’ चालू असल्याची सूचना दिसते, तेव्हा संगणक नव्या सुधारणा बसवून घेत असतो. जुन्या, मंद डिस्कच्या यंत्रात यास अर्धा तास, क्वचित त्याहून अधिकही लागतो. या वेळी वीज तोडणे हे सर्वांत घातक होय, कारण प्रणालीच्याच फायली त्या क्षणी अर्धवट लिहिलेल्या असतात. शाळा सुटण्याच्या वेळीच संगणक बंद करावयास बसण्याऐवजी महिन्यातून एखादा दिवस दुपारच्या सुटीत, वीज टिकण्याचा भरवसा असताना, ही कामे होऊ द्यावीत. विंडोज ७ या प्रणालीची सर्वसाधारण मुदत १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे ज्या शाळांत अद्याप विंडोज ७ चालू आहे तेथे चक्र फिरण्याचे कारण बहुधा अपडेट नसते. तेथे अन्यत्र पाहावे.

अशी कोणतीच सूचना नसता चक्र फिरत राहिले, तर पडद्याआडची एखादी सेवा अडली आहे असे समजावे. एकाच संगणकावर दोन विषाणुप्रतिबंधक कार्यक्रम बसविणे हे याचे शाळांतून फार आढळणारे कारण आहे. दुकानदाराने एक बसविलेला असतो, नंतर कोणा हितचिंतकाने दुसरा फुकटचा घातलेला असतो, आणि दोघे एकमेकांवर पहारा करीत बसतात. त्यांपैकी एक काढून टाकावा. प्रिंटरमधील कागद संपल्यामुळे छपाईच्या रांगेत पडून राहिलेले कामही असाच त्रास देऊ शकते. ते रद्द करावे. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत एखादी सेवा थांबण्याची वाट पाहताना पडद्यावर सेकंद मोजले जातात. तेथे साधारणतः दीड मिनिटाची मुदत ठरलेली असते व ती संपताच प्रणाली स्वतःच पुढे सरकते. म्हणून तेथे दीड मिनिट स्वस्थ बसावे.

पडदा काळा होतो, पण पंखा व दिवा चालूच राहतो, हा प्रकार थोडा गहन आहे. येथे साखळीतील शेवटची कडी अडलेली असते. एखाद्या जोडलेल्या उपकरणाचा चालक कार्यक्रम, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, सदोष असणे हे याचे एक कारण. दुसरे कारण २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून सुरू झालेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय होय. तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

या सोयीमध्ये ‘शट डाऊन’ म्हटले तरी संगणक पुरता बंद होतच नाही. प्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर नोंदवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच उचलला जातो. फळा न पुसता वर्ग सोडावा आणि सकाळी त्याच फळ्यावर पुढे शिकवू लागावे, तसा हा प्रकार आहे. सुरू होण्यास वेळ कमी लागतो, परंतु कालची एखादी चूकही फळ्यावर तशीच राहते. म्हणूनच ‘रोज बंद करतो तरी दोष जात नाही’ अशी शिक्षकांची तक्रार असते, आणि ‘रीस्टार्ट’ करताच तो जातो. कारण ‘रीस्टार्ट’मध्ये फळा खरोखर पुसला जातो. शिफ्ट ही कळ दाबून धरून ‘शट डाऊन’ म्हटले तरी संगणक पूर्णपणे बंद होतो. असे केल्याने यंत्र नीट बंद होते असे दिसून आले, तर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ या भागात, पॉवर बटणाने काय करावे हे ठरविण्याच्या पानावर, ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ यापुढील खूण काढून टाकावी. खूण काढता येत नसल्यास त्याच पानावर वरच्या बाजूस, सध्या न बदलता येणाऱ्या गोष्टी बदलण्याचा जो दुवा असतो तो प्रथम दाबावा. सकाळी संगणक सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागेल. प्रार्थना होईपर्यंत तो तयार असतो.

संगणक बंद होऊन लगेच पुन्हा सुरू होणे, हाही एक प्रकार आहे. बंद होताना प्रणालीत गंभीर चूक घडली तर स्वतःहून पुन्हा सुरू व्हावे, अशी योजना तीत मुळातच केलेली असते. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या ठिकाणी ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढल्यास निळा पडदा थांबून राहतो व त्यावरील चुकीचे नाव उतरवून घेता येते. मात्र गेलेली वीज परत येताच बंद असलेला संगणक आपोआप सुरू झाला, तर तो बिघाड नव्हे. यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, वीज परतल्यावर काय करावे याची एक निवड असते. तेथे ‘पॉवर ऑफ’ ठेवावे. ज्या गावात रात्रीतून वीज अनेकदा ये-जा करते तेथे ही निवड चुकीची असणे फार महागात पडते, कारण कुलूपबंद खोलीत यंत्र सुरू होते आणि वीज जाताच पुन्हा एकदा तोडले जाते. अर्थात भिंतीवरील बटण बंद केलेले असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

एकेक कारण वगळीत जाणे

ड्रायव्हरचा दोष शोधण्याची रीत शिक्षकास नवी नाही. वर्गात कोठून तरी शिट्टी ऐकू येते आणि पाठ फिरविताच पुन्हा ऐकू येते, तेव्हा तो एकेका ओळीस बाहेर काढून पाहतो. तद्वत् प्रिंटर, पेनड्राइव्ह, कॅमेरा, स्पीकर, मोबाईलची तार, सर्व काढून घ्यावे; केवळ कळफलक व माऊस ठेवावा आणि संगणक बंद करून पाहावा. तो सुरळीत बंद झाला तर रोज एकेक वस्तू परत जोडावी. ज्या दिवशी अडेल त्या दिवशीची वस्तू अपराधी. तिचा ड्रायव्हर बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवा घ्यावा. सर्व काढूनही अडत असेल तर अलीकडे कोणता कार्यक्रम बसविला, याचा विचार करावा व तो काढून पाहावा. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही व तो परत आला की पुन्हा मुळापासून आरंभ करावा लागतो.

या कामी संगणकाने स्वतः ठेवलेली एक रोजनिशी फार उपयोगी पडते, आणि तिची माहिती थोड्यांसच असते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नावाने ती उघडते. ‘विंडोज लॉग्ज’ या भागातील ‘सिस्टिम’ या शीर्षकाखाली प्रत्येक घटनेचा दिनांक, वेळ व क्रमांक नोंदलेला असतो. संगणक रीतसर बंद झाला असता ६००६ हा क्रमांक आढळतो. मागील वेळी अकस्मात बंद पडला असेल तर ६००८. रीतसर बंद न होता यंत्र पुन्हा सुरू झाल्याची ‘कर्नेल-पॉवर’ या नावाची नोंद ४१ या क्रमांकाने होते. महिन्याभरात ६००८ किती वेळा आला हे मुख्याध्यापकाने मोजून पाहावे. संगणक आपणहून बिघडला की रोज त्याचा प्रवाह तोडला गेला, याचा पुरावा तेथे तारीखवार मिळतो. यात कोणास दोषी ठरविण्याचा हेतू नसावा. ६००८ च्या तारखा वीज गेल्याच्या वेळांशी जुळतात काय, एवढे पाहिले तरी पुरे.

शेवटचा उपाय व वीज

इतके करूनही यंत्र अडून राहिले तर जबरीने बंद करावेच लागते. परंतु त्यासाठीही भिंतीवरील बटण नव्हे, पेटीवरील बटण वापरावे. डिस्कचा लहान दिवा लुकलुकत असेल तोवर थांबावे. तो लुकलुकतो म्हणजे लिहिणे-वाचणे चालू आहे. पडद्यावर कोणताही बदल नाही, दिवाही स्तब्ध आहे, आणि अर्धा तास लोटला, तर पेटीवरील बटण दाबून धरावे. एसीपीआय पद्धतीत चार सेकंदांहून अधिक दाबल्यास प्रवाह तुटतो. काही यंत्रांत दहा सेकंदही लागतात. पुढच्या खेपेस संगणक डिस्कची तपासणी करू लागला तर कळ दाबून ती टाळू नये. मिटल्याची खूण डिस्कवर न झाल्यामुळे ती तपासणी चाललेली असते.

वीज अवचित जाणे आणि हाताने तोडणे यांत संगणकाच्या दृष्टीने काहीच अंतर नाही. यूपीएस नावाची पेटी यासाठी असते. परंतु तिच्यावर धडा पुढे चालू ठेवण्याचा प्रघात पडलेला दिसतो, तो योग्य नाही. तिच्यातील विजेरी काही मिनिटांपुरती असते, आणि ती मिनिटे बंद करण्याच्या कामासाठीच आहेत. शिट्टी वाजू लागताच काम जतन करून आवरते घ्यावे. विजेरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते व मग यूपीएस असूनही नसल्यासारखा होतो. दर सहा महिन्यांनी सर्व काम जतन करून, इतर सर्व कार्यक्रम बंद ठेवून, यूपीएसची भिंतीकडील वीज काढावी आणि संगणक सुरळीत बंद होण्याइतका वेळ मिळतो काय, हे घड्याळ लावून पाहावे.

तालुक्याच्या गावी यंत्र दुरुस्तीस नेले असता ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे उत्तर बहुधा पहिल्या पाच मिनिटांत मिळते. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविणे. त्याने पुष्कळ दोष जातात खरे, परंतु त्यांच्याबरोबर शाळेच्या नोंदीही जातात. बंद न होण्याच्या दोषावर तो पहिला उपाय असू शकत नाही. सर्व नोंदींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात असल्यावाचून शिक्षकाने त्यास संमती देऊ नये. शाळेतून निघतानाच एक चिठ्ठी सोबत घ्यावी. तीत यंत्राचे व प्रणालीचे नाव, कोणत्या टप्प्यावर अडते, पडद्यावरील नेमके शब्द, दोष प्रथम केव्हा दिसला, त्याआधी काय नवे जोडले, आणि आजवर काय करून पाहिले, हे लिहिलेले असावे. अशी चिठ्ठी पाहिली की दुरुस्ती करणाऱ्यासही फॉरमॅटचा सल्ला देण्यापूर्वी यंत्र उघडून पाहावे लागते.

हीच माहिती एका जाड कागदावर उतरवून संगणकाजवळ टांगून ठेवावी. तीत यूपीएसची विजेरी बदलल्याचा दिनांक व ‘फास्ट स्टार्टअप’ काढले आहे किंवा कसे, हेही नोंदवावे. शिक्षकाची बदली झाली म्हणजे पदभाराच्या यादीत ‘संगणक – एक’ एवढीच नोंद असते, आणि नव्याने आलेल्या शिक्षकास त्या यंत्राच्या खोडी प्रारंभापासून शिकाव्या लागतात. कागद असला तर त्या पहिल्याच दिवशी कळतात.